एप्कॉट : रांगेचें मोल

जत्रेंत हिंडावयास पैसे पडत नाहींत. पाळण्यांत बसावयाचें तर पडतात. हा व्यवहार इतका जुना आणि सरळ आहे कीं त्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. ज्याला उंच जाण्याची हौस असेल त्यानें कनवटीचा पैसा सोडावा; ज्याला नसेल त्यानें खालीं उभें राहून इतरांच्या आरोळ्या ऐकाव्या आणि रेवड्या घेऊन घरीं जावें. अमेरिकेंतील मोठमोठ्या करमणूक-उद्यानांनीं, ज्यांना हल्लीं मराठींतहि थीम पार्क म्हणतात, हा व्यवहार उलटा केला. तेथें पैसे दारावरच घेतले जातात. आंत गेल्यावर पाळणे फुकट. वरवर पाहतां हा बदल किरकोळ वाटतो. परंतु पाळणा फुकट झाला कीं त्याच्याखालीं रांग लागते. रांग लागली कीं ती चुकविण्याचा उपाय कोणीतरी शोधूं लागतो. आणि असा शोधणारा भेटला कीं तो उपाय विकणाराहि निघतो. फ्लॉरिडा संस्थानांत ऑर्लंडो शहरानजीक एप्कॉट नांवाचें जें प्रसिद्ध उद्यान आहे, त्याचा चाळीसांहून अधिक वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशीं या रांगेचा इतिहास आहे.

एप्कॉट हें नांव पांच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचें बनलेलें आहे. 'उद्यांच्या समाजाचा प्रायोगिक नमुना' असा त्याचा अर्थ. वॉल्ट डिस्ने यांच्या मनांत या नांवाचें उद्यान मुळीं नव्हतेंच. कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइम येथें १९५५ सालीं डिस्नेलँड उघडून त्यांनीं मोठें यश मिळविलें होतें. परंतु त्या उद्यानाभोंवतीं इतरांनीं जी मुक्कामाच्या जागांची आणि दुकानांची दाटी केली, ती त्यांना खुपत असे. म्हणून फ्लॉरिडांत त्यांच्या कंपनीनें सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. तींत वीस हजार वस्तीचें एक आदर्श नगर वसवावें असा त्यांचा संकल्प होता. ऑक्टोबर १९६६ मध्यें या नगराची कल्पना समजावून सांगणारा चित्रपट त्यांनीं तयार करविला; १५ डिसेंबर १९६६ रोजीं ते वारले. नगर राहून गेलें. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं त्या जमिनीवर मॅजिक किंगडम हें परीकथांचें उद्यान सुरू झालें, आणि बरोबर अकरा वर्षांनीं, १ ऑक्टोबर १९८२ रोजीं, नगराऐवजीं त्याच नांवाचें एक कायमचें प्रदर्शन लोकांसाठीं खुलें करण्यांत आलें.

या प्रदर्शनाचे दोन भाग होते. पहिल्या भागांत विज्ञानाचीं व उद्योगांचीं दालनें. दारांतच १८० फूट उंचीचा एक चंदेरी गोल उभा आहे. त्याच्या पोटांत लहानशा गाडींत बसून माणूस सावकाश वर वर जातो, आणि गुहेंतील चित्रांपासून छापखान्यापर्यंत व तेथून पुढें आधुनिक दळणवळणापर्यंत मनुष्यजातीनें केलेला प्रवास दोहों बाजूंच्या हलत्या पुतळ्यांच्या देखाव्यांतून पाहतो. त्याच्या आसपास एक्सॉन या तेल कंपनीच्या आश्रयानें ऊर्जेचें दालन होतें, जनरल मोटर्सच्या आश्रयानें वाहनांच्या इतिहासाचें दालन होतें, शेतीचें दालन होतें. १९८३ मध्यें जनरल इलेक्ट्रिकच्या आश्रयानें 'होरायझन्स' हें दालन त्यांत आलें. त्यांत उद्यांचीं घरें, समुद्राखालच्या वसाहती, अवकाशांतलीं गांवें अशीं दृश्यें असत. दुसऱ्या भागांत एका तळ्याभोंवतीं निरनिराळ्या राष्ट्रांचे मंडप : आरंभीं नऊ, पुढें मोरोक्को (१९८४) आणि नॉर्वे (१९८८) मिळून अकरा. भारत त्यांत नाहीं. मिकी माउस व त्याच्या गोतावळ्यालाहि सुरुवातीस येथें बंदी होती. एकंदरींत शाळेच्या सहलीस शोभावें असें हें स्थळ होतें, आणि मुलांना येथें कंटाळा येतो अशी तक्रारहि त्यामुळेंच होत असे.

या जुन्या सफरींची यंत्ररचना लक्षांत घेतल्याखेरीज पुढील बदलाचें मर्म कळणार नाहीं. चंदेरी गोलांतील गाड्या एकमेकींस जोडलेल्या असून ती सगळी माळ रहाटाच्या पोहऱ्यांसारखी अखंड फिरत राहते. गाडी प्रवाशासाठीं सहसा थांबत नाहीं; प्रवासीच तिच्या गतीनें सरकणाऱ्या पट्ट्यावर पाय ठेवून गाडींत शिरतो. त्यामुळें मिनिटागणिक माणसें आंत घेतलीं जातात आणि तितकींच बाहेर पडतात. ऊर्जेच्या दालनाची तऱ्हा निराळी होती. तेथें प्रेक्षागृहाचे बाकच चालत. शेकडों माणसें एकदम घेऊन ते प्राचीन सरड्यांच्या अरण्यांतून हिंडून परत येत. त्या दालनाच्या पुढच्या आवृत्तींत हा कार्यक्रम सुमारे पाऊण तास चाले. हा पाऊण तास फार महत्त्वाचा होता. तेवढा वेळ तीं शेकडों माणसें थंडगार काळोखांत बसलेलीं असत, म्हणजे इतर कोणत्याहि रांगेंत नसत.

याच्या उलट थरारक फेरीची स्थिति आहे. रोलर कोस्टरची गाडी फलाटावर थांबवावी लागते, प्रत्येकाच्या मांडीवरील दांडा घट्ट बसला कीं नाहीं हें पाहावें लागतें, आणि पुढची गाडी सुरक्षित अंतरावर गेल्याशिवाय मागची सोडतां येत नाहीं. आगगाडीच्या रुळांवर एका टप्प्यांत एकच गाडी असावी असा जो दंडक असतो, तोच येथेंहि असतो. समजा, दर चाळीस सेकंदांस एक गाडी सुटते आणि तींत वीस माणसें बसतात. म्हणजे तासाला अठराशें झालीं. उद्यान बारा तास उघडें राहिलें आणि यंत्र एकदांहि बिघडलें नाहीं, तर साडेएकवीस हजारांच्या आसपास माणसांची सोय होईल. उद्यानांत तीस हजार माणसें आलीं असतील आणि बहुतेकांना हीच फेरी हवी असेल, तर हिशेब जुळत नाहीं. शिवाय फेरी तीन-चार मिनिटांत संपते आणि माणूस लगेच दुसऱ्या रांगेकडे वळतो. जीं माणसें पूर्वीं दालनाच्या आंत बसत, तीं आतां दालनाच्या बाहेर उभीं राहतात. रांग वाढण्याचें हें एक मोठें कारण आहे, आणि तें केवळ पाहुण्यांच्या संख्येकडे बोट दाखविणाऱ्यांच्या लक्षांत येत नाहीं.

मग हा बदल केला कां? एक कारण असें कीं भविष्यकाळाचें प्रदर्शन फार लवकर शिळें होतें. १९८२ सालीं 'उद्यां' म्हणून जें दाखविलें, तें दहा-पंधरा वर्षांत कांहीं घरोघर आलें आणि कांहीं कधींच आलें नाहीं. दोन्ही प्रकारें तें हास्यास्पदच झालें. दर पांच-सात वर्षांनीं अशीं दालनें नव्यानें रचावीं तर त्यासाठीं आश्रयदात्या कंपन्या हव्यात, आणि त्यांचा उत्साह ओसरत चालला होता. जनरल इलेक्ट्रिकनें १९९३ सालीं आपला आश्रय काढून घेतला. पोटांत गोळा उठणें मात्र शिळें होत नाहीं. त्यांतच ऑर्लंडोमध्यें युनिव्हर्सल स्टुडिओनें १९९० सालीं आपलें उद्यान मांडलें आणि १९९९ मध्यें मोठमोठ्या थरारक फेऱ्यांचें दुसरें उद्यान त्याला जोडलें. थोडीं मोठीं मुलें तिकडे वळूं लागलीं, आणि मुलें जातील तिकडे घर जातें.

अशा रीतीनें एप्कॉटचीं दालनें एकामागून एक बदललीं. वाहनांच्या इतिहासाचें मिस्किल दालन १९९६ च्या प्रारंभीं बंद झालें व १९९९ मध्यें त्याच इमारतींत 'टेस्ट ट्रॅक' आला. त्यांत मोटारगाडी शेवटीं ताशीं सुमारे १०५ किलोमीटर वेगानें इमारतीबाहेर वळसा घेते. होरायझन्स १९९९ मध्यें बंद होऊन पाडण्यांत आलें आणि त्या जागीं २००३ सालीं 'मिशन स्पेस' उभें राहिलें. अवकाशवीरांना तयार करण्यासाठीं जें गरगर फिरणारें यंत्र वापरतात, त्याचीच ही धाकटी बहीण. तींत बसलेल्या माणसाला स्वतःचें वजन दुपटीहून अधिक भासतें. २००५ सालीं या फेरींत चार वर्षांचा एक मुलगा बेशुद्ध होऊन दगावला. त्याला हृदयाचा विकार होता असें तपासणींत आढळलें. पुढच्या वर्षीं कंपनीनें न फिरणारी सौम्य फेरीहि त्याच दालनांत सुरू केली. नॉर्वेच्या मंडपांतील दर्यावर्दींच्या होड्या २०१४ सालीं थांबल्या व २०१६ मध्यें त्याच पाण्यावर 'फ्रोझन' या चित्रपटाची सफर सुरू झाली. सरतेशेवटीं ऑगस्ट २०१७ मध्यें ऊर्जेचें दालनहि मिटलें. त्याच्या जागीं मे २०२२ मध्यें 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' या चित्रपटमालिकेवरील बंदिस्त रोलर कोस्टर उघडला, ज्याची गाडी पाठमोरी उसळी घेते आणि धांवतां धांवतां स्वतःभोंवतीं वळते. यंत्र म्हणून तो खरोखरच अद्भुत आहे. सूर्यापासून ऊर्जा कशी मिळते हें मात्र तेथें आतां कोणी सांगत नाहीं.

या बदलांत कोणी कांहीं गमावलें काय? वॉल्ट डिस्ने यांच्याविषयीं एक गोष्ट नेहमीं सांगितली जाते. लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कमध्यें त्यांच्या मुली लाकडी घोड्यांच्या चक्री पाळण्यावर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून राहत. आईबापांनीं व मुलांनीं मिळून मौज करावी अशी एखादी जागा कां असूं नये, हा विचार त्यांना तेथें सुचला असें ते सांगत. आतां एप्कॉटमध्यें टेस्ट ट्रॅकला चाळीस इंचांची व गार्डियन्सला बेचाळीस इंचांची, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटरची, किमान उंची लागते. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी, मानेचे किंवा पाठीचे दुखणेकरी यांनीं बसूं नये असे फलक लावलेले असतात. लहान मूल असलेल्या आईबापांना आळीपाळीनें बसतां यावें व दोनदां रांग लावावी लागूं नये, अशी सोय कंपनीनें केली आहे. ती चांगलीच आहे. परंतु आळीपाळीनें बसणें म्हणजे एकानें बाकावर बसणेंच. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मुलांकडे पुण्या-मुंबईचे आईबाप जातात आणि नातवंडांबरोबर ऑर्लंडोची वारी करून येतात, त्यांच्या वांट्यास तर बाक ठरलेलाच. उंची भरणारा नातू आणि गुडघे भरून आलेली आजी एका गाडींत बसूं शकतील अशा जागा त्या उद्यानांत पूर्वीं अधिक होत्या.

आतां तिकिटांकडे वळावें. डिस्नेच्या पहिल्या दोन उद्यानांत १९८२ पर्यंत तिकिटांचीं पुस्तकें मिळत. त्यांत ए पासून ई पर्यंत वर्ग असत : ए म्हणजे साधासुधा पाळणा, ई म्हणजे सर्वांत भारी सफर. इंग्रजींत आजहि उत्तम वस्तूला 'ई तिकीट' म्हणतात तें यावरूनच. या पद्धतींत एक गुण होता. पुस्तकांत ई वर्गाचीं तिकिटें मोजकींच असल्यामुळें माणूस तीं जपून वापरी, आणि उरलेल्या बी-सी तिकिटांच्या निमित्तानें लहानसहान गमतीहि पाही. गर्दी आपोआप विभागली जाई. एप्कॉट उघडला तेव्हां पुस्तकें रद्द झालीं. दारावर एका दिवसाचे १५ डॉलर घेतले कीं आंत सर्व मोकळें. ज्ञानाच्या संथ सफरींना हा नियम अगदीं साजेसा होता. पुढें सफरी बदलल्या, नियम तोच राहिला. फुकट झालेल्या ई तिकिटाला आतां पैशांऐवजीं तासांनीं किंमत मोजावी लागूं लागली.

हे तास वांचविण्याची पहिली युक्ति १९९९ सालीं निघाली. फेरीपाशीं यंत्रांत तिकीट घालावें, परतण्याची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यावी आणि त्या वेळीं येऊन आंखूड रांगेनें आंत जावें. याला पैसे पडत नसत, आणि पाहुणा कोठें उतरला आहे हेंहि कोणी विचारीत नसे. २०१४ च्या सुमारास चिठ्ठ्यांची जागा संगणकानें घेतली व येथेंच भेद शिरला : कंपनीच्या हॉटेलांत उतरणाऱ्यानें साठ दिवस आधीं वेळ राखून ठेवावी, इतरांनीं तीस दिवस आधीं. साठाव्या दिवशींच उत्तम वेळा संपत, तेव्हां तिसाव्या दिवशीं काय शिल्लक राहत असेल तें उघड आहे. ऑक्टोबर २०२१ पासून ही सोय विकत झाली. आरंभीं तिचा दर दिवसाला १५ डॉलर होता, म्हणजे एप्कॉटच्या पहिल्या वर्षीं सबंध उद्यानाला जेवढे पडत तेवढेच. डॉलरचें मोल मधल्या काळांत पुष्कळ उतरलें हें खरें, तरी योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. गार्डियन्सची फेरी या पैशांतहि नव्हती, तिचे निराळे. २०२४ च्या उन्हाळ्यांत नांवें आणि नियम पुन्हां बदलले : हॉटेलांतील पाहुण्यांनीं मुक्कामाच्या सात दिवस आधीं निवड करावी, बाहेरच्यांनीं भेटीच्या तीन दिवस आधीं.

कंपनीचीं हॉटेलें पहिल्यापासूनचींच आहेत. १९७१ सालीं मॅजिक किंगडमबरोबर दोन उघडलीं आणि आज त्यांची संख्या पंचविसांहून अधिक आहे. बाहेरच्या हॉटेलांपेक्षां त्यांचें भाडें बहुधा जड असतें, तेव्हां त्यांत उतरण्यास कांहीं कारण द्यावें लागतें. पूर्वीं हें कारण निरनिराळ्या रूपांत असे. मुक्काम जितके दिवस तितके दिवस सर्व उद्यानें मोकळीं करणारें तिकीट एके काळीं फक्त हॉटेलांतील पाहुण्यांना मिळे. २००५ पासून विमानतळावरून फुकट मोटार-बस असे. ती जानेवारी २०२२ मध्यें बंद झाली. एखाद्या उद्यानांत ठरावीक दिवशीं सकाळीं किंवा रात्रीं जादा तास मिळत, तेहि २०२० नंतर राहिले नाहींत. त्यांच्या ऐवजीं ऑक्टोबर २०२१ पासून रोज सकाळीं, चारहि उद्यानांत, हॉटेलांतील पाहुण्यांना अर्धा तास आधीं प्रवेश मिळूं लागला. आणि जीं सर्वांत महाग हॉटेलें, त्यांतील पाहुण्यांना कांहीं ठराविक रात्रीं उद्यान बंद झाल्यावर आणखी दोन तास.

येथें एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मोटार-बसला तेल लागतें, चालकाला पगार लागतो. पाहुण्याला ती दिली तर तो खर्च कंपनीच्या खिशांतून जातो. सकाळच्या अर्ध्या तासाचें तसें नाहीं. थोडेसे नोकर लवकर बोलवावे लागतात एवढेंच. उद्यान सर्वांसाठीं उघडतें त्या क्षणीं हॉटेलांतील पाहुणे गार्डियन्सच्या दारांत आधींच उभे असतात, आणि बाहेरून येणाऱ्याची रांग तितक्या माणसांनीं लांबलेली असते. एकाला दिलेला अर्धा तास दुसऱ्याच्या दिवसांतून आलेला असतो. तो दुसराहि दारावरचें पूर्ण तिकीट काढूनच आंत आलेला आहे. त्याच्या तिकिटावर कमी दर छापलेला नाहीं. फेरी जितकी थरारक आणि जितकी अपुरी, तितकी त्या अर्ध्या तासाला किंमत. संथ सफरींच्या एप्कॉटमध्यें अशी सवलत दिली असती तर पहांटे उठून तिच्यासाठीं कोण आलें असतें?

कंपनीची बाजूहि ऐकली पाहिजे. चार-पांच रात्रींचें भाडें देणाऱ्या गिऱ्हाइकाला कांहीं अधिक द्यावें, हा व्यापाराचा सर्वमान्य नियम आहे. नाटकगृहांत पुढच्या खुर्चीला जास्त पैसे पडतात त्याला कोणी अन्याय म्हणत नाहीं. शेजारच्या युनिव्हर्सलनें तर आपल्या तीन महाग हॉटेलांतील पाहुण्यांना रांग चुकविण्याचा परवाना खोलीबरोबरच फुकट देऊन टाकला आहे, मग डिस्नेनें हात बांधून कां बसावें? हा युक्तिवाद खोटा नाहीं. मात्र नाटकगृहाचा दाखला पुरता लागू पडत नाहीं. तेथें पुढची खुर्ची कोणी घेतली म्हणून मागच्याचें नाटक उशिरां सुरू होत नाहीं.

गार्डियन्स सुरू झाला तेव्हां कंपनीनें आणखी एक प्रयोग केला होता. त्या फेरीला उभ्यानें लावावयाची रांगच ठेवली नव्हती. सकाळीं सात वाजतां मोबाईलवर क्रमांक मागावयाचा, दुपारीं एक वाजतां पुन्हां एकदां. क्रमांक भराभर संपून जात. यांत श्रीमंत-गरीब भेद कमी होता, पण ज्याचें बोट मंद त्याचा दिवस फुकट. शिवाय महाग हॉटेलांतील पाहुण्यांना जादा तासांच्या रात्रीं क्रमांकाची तिसरी संधि मिळेच.

टेस्ट ट्रॅकची तिसरी आवृत्ति जुलै २०२५ मध्यें उघडली, आणि तिच्या रचनेंत १९८२ च्या त्या वाहनांच्या दालनाची आठवण मुद्दाम जागविली आहे. जुन्या सफरींपैकीं चंदेरी गोलाखेरीज शेतीची सफर अजून चालू आहे. शेतीच्या दालनांतून होडी काचेच्या खऱ्या हरितगृहांत शिरते; तेथें मातीवांचून वाढविलेल्या भाज्या, वर टांगलेल्या वेली, हौदांतील मासे पाहावयास मिळतात, आणि तेथलें कांहीं पीक उद्यानांतील उपाहारगृहांच्या स्वयंपाकांत जातें. त्याच इमारतींत २००५ सालीं उड्डाणाचा भास करून देणारी 'सोरिन' ही फेरी आली. सकाळीं दारें उघडल्यावर त्या दालनांत शिरणारी बहुतेक गर्दी तिच्याकडे जाते. होडीकडे फारसें कोणी आधीं जात नाहीं. तिला उंचीची अट नाहीं, आणि आजीला नातवंडाशेजारीं बसतां येतें.